वैमानिक ज्येष्ठतासूचींचे एकत्रीकरण

वैमानिक ज्येष्ठतासूचींचे एकत्रीकरण : दोन विमान कंपन्या विलीन झाल्यावर त्यांच्या वैमानिकांच्या स्वतंत्र सेवाज्येष्ठतासूचींपासून एकच सूची तयार करण्याची प्रक्रिया. सहवैमानिकाला कप्तानपद केव्हा मिळणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर केव्हा जाता येणार, कोणत्या तळावर राहावयाचे, रजा केव्हा मिळणार आणि मंदीत प्रथम कोणाला कमी करावयाचे, या गोष्टी मुख्यतः सूचीतील क्रमांकावर ठरतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत विशेष काटेकोर आहे. तेथे वीस वर्षांचा अनुभवी कप्तान दुसऱ्या कंपनीत गेल्यास त्याला साधारणपणे सूचीच्या तळापासूनच आरंभ करावा लागतो. क्रमांक विकता येत नाही वा बरोबर नेता येत नाही. तरीही तीच वैमानिकाची सर्वांत मोठी मिळकत असते.

सर्वांत सोपी रीत म्हणजे नेमणुकीच्या दिनांकानुसार नावे लावणे. वरवर ती न्याय्य वाटते. परंतु जुन्या, डबघाईला आलेल्या कंपनीचे वैमानिक तीत वर जातात आणि नव्या, वाढत्या कंपनीतील तरुण कप्तान खाली ढकलले जातात. दुसरी रीत प्रमाणाची. विमानाचा प्रकार व हुद्दा यांनुसार गट पाडून प्रत्येक गटातील नावे संख्येच्या प्रमाणात गुंफतात : एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे १०० कप्तान असल्यास पहिलीच्या दोघांमागे दुसरीचा एक. येथेही वयाचा प्रश्न उरतो. एका कंपनीतील ज्येष्ठ वैमानिक लवकरच निवृत्त होणार असतील, तर त्या जागांची वाट पाहत असलेल्या त्यांच्याच कनिष्ठांना नव्या सूचीत त्या इतरांबरोबर वाटून घ्याव्या लागतात. तिसरी रीत म्हणजे एका कंपनीची सूची दुसरीच्या शेवटी जोडून देणे. ती अर्थातच बलवानाची रीत होय.

अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक मंडळाने ॲलेगेनी व मोहॉक या कंपन्यांच्या १९७२ मधील विलीनीकरणाच्या वेळी घातलेल्या अटींत ज्येष्ठता न्याय्य व समतोल रीतीने एकत्र करावी आणि एकमत न झाल्यास लवाद नेमावा, असे होते. मंडळ १९८५ च्या आरंभी विसर्जित झाल्यावर अशा अटी घालण्याची प्रथा मागे पडली. त्याचा परिणाम २००१ मध्ये दिसला. अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोर टीडब्ल्यूए कंपनी विकत घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना आपल्या करारातील हे संरक्षण सोडून द्यावे लागले आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना अमेरिकनच्या सूचीच्या तळाशी घालण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील दहशतवादी हल्ल्यांनंतर प्रवासी घटले व नोकरकपात आली, ती प्रामुख्याने याच तळावर कोसळली. टीडब्ल्यूएचे प्रमुख केंद्र मिसूरी राज्यातील सेंट लुइस येथे होते. त्या राज्याच्या दोन सिनेटरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००७ च्या मॅकॅस्किल-बाँड तरतुदीने जुन्या अटींतील वाटाघाट व लवाद पुन्हा बंधनकारक केले. दोन्ही गट एकाच संघटनेचे असल्यास मात्र त्या संघटनेचेच नियम लागू होतात.

लवादानेही वाद मिटतोच असे नाही. यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट या कंपन्या २००५ मध्ये एकत्र आल्या. लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी २००७ मध्ये दिलेल्या निवाड्यात रुंद धडाची विमाने चालविणाऱ्या यूएस एअरवेजच्या ५१७ वैमानिकांना सूचीच्या शिरोभागी ठेवले. परंतु कपातीमुळे घरी बसलेल्या तिच्या सुमारे १,७०० वैमानिकांना तळाशी. त्यांतील काहींची नेमणूक सोळा-सतरा वर्षांपूर्वीची होती, तर त्यांच्या वर आलेले अमेरिका वेस्टचे कनिष्ठ वैमानिक काही महिन्यांपूर्वी भरती झालेले होते. विलीनीकरणाच्या वेळी ज्याच्या हाती काम नव्हते, त्याने नव्या कंपनीत जागा आणली नाही, हा निवाड्यामागील विचार. तो तर्कशुद्ध खरा, पण यूएस एअरवेजच्या गटाला मान्य होणे अशक्य होते. संख्येने मोठ्या असलेल्या या गटाने २००८ मध्ये जुन्या संघटनेऐवजी नेमणूक-दिनांकाचा पुरस्कार करणारी नवी संघटना निवडून आणली. निवाडा अमलात आला नाही, खटले चालले, एकाच नावाच्या कंपनीत दोन सूची वर्षानुवर्षे राहिल्या. २०१३ मध्ये ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्यावर नव्या लवाद मंडळाने २०१६ मध्ये तिन्ही गटांची एक सूची केली.

धक्का सौम्य करण्यासाठी सूचीबरोबर काही बंधने घालतात. विशिष्ट तळ अथवा विमानप्रकार काही वर्षे मूळ कंपनीच्या वैमानिकांसाठी राखून ठेवणे, हे त्यांतील प्रमुख होय. मुदत संपली की मूळ क्रमांकच लागू होतो.

भारतात एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे २००७ मध्ये विलीनीकरण झाले. मुंबईत तेव्हा मुख्यालय असलेली एअर इंडिया मुख्यतः दूर पल्ल्याची मोठी विमाने चालवी, तर इंडियन एअरलाइन्सचा भर देशांतर्गत मार्गांवर होता. आपल्याला कमांडर होण्यास अधिक वर्षे लागतात, अशी एअर इंडियाच्या वैमानिकांची तक्रार होती, तर वेतनातील तफावतीवरून इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०११ मध्ये संप केला. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीने वेतन व ज्येष्ठता यांच्या एकीकरणाविषयी शिफारशी केल्या. बोइंग ७८७ विमानाचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्याला विरोध म्हणून मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी सुरू केलेला संप सुमारे दोन महिने चालला.