लोणीचे मांजर

‘कान टवकारणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. पण माणसाला कान टवकारता कोठे येतात! आपल्या कानांभोवतीचे स्नायू केव्हाच निकामी झाले. फार तर एखादा वात्रट विद्यार्थी ते किंचित हलवून शेजाऱ्याला हसवितो. या वाक्प्रचारावर खरा हक्क सांगावा तो मांजराने.

आंबेगाव तालुक्यातील लोणी येथे माझ्या मावशीचे घर आहे. (मांजराने लोणीत राहावे, लोण्यात नव्हे, हा विनोद तिच्या नातवंडांनाही आता जुना झाला आहे.) तिची मनी ओसरीवर डोळे मिटून पडलेली असते. डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आमच्या गप्पा रंगात आलेल्या असताना तिचा उजवा कान एकटाच कणगीकडे वळतो, डावा आमच्याकडेच राहतो. प्रत्येक कानाला वीसहून अधिक स्नायू, आणि तो अर्ध्या वर्तुळात हवा तिकडे फिरतो. आवाज एका कानाशी निमिषभर आधी, किंचित मोठा पोहोचतो. एवढ्या फरकावरून ती उंदराची जागा हेरते.

आम्हाला कणगीत काहीच ऐकू येत नाही, हा आमच्या वयाचा दोष नव्हे. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज टिपतो. कुत्र्याची मजल ४५,००० च्या आसपास, तर मांजराची थेट ८५,००० च्या घरात! उंदराची पिले आईला हाका मारतात त्या याच, आपल्याला मुक्या असलेल्या पट्टीत. बिचाऱ्यांचे गुपित आपल्यापासून सुरक्षित, पण मनीपासून नाही.

आणि नाव? जपानमध्ये आत्सुको साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले की, पाळीव मांजरे आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखतात. हाकेला येणे न येणे ही त्यांची मर्जी. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यांचा मला असाच अनुभव आहे.

पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे मांजर मात्र पुष्कळदा बहिरे असते. डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. शहरात अशा मांजराचे लाड होतात. लोणीच्या बाजूला ते फार दिवस टिकेल असे मला वाटत नाही, कारण या मुलखात बिबट्या आहे.

जुन्नर-आंबेगावकडील उसात बिबट्याने संसार थाटल्याला आता बरीच वर्षे झाली. माणिकडोहला तर पकडलेल्या बिबट्यांसाठी केंद्रच आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. मांजरेही त्यात होतीच. जातीतलाच म्हणून सोडील, असा हा प्राणी नव्हे. तेव्हा मनीचे ऐकणे पोटासाठी जितके, तितकेच जिवासाठी.

एका संध्याकाळी ती ओसरीवरून उठली, शेताकडे तोंड करून थिजली, आणि तिचे कान डोक्याला चपट चिकटले. मावशीने तवा उतरविला. “मनीनं कान पाडलेत. शेरडं आत घ्या. बाळी कुठंय?” सहा वर्षांची बाळी नळावर तांब्या घासत होती. तिला उचलूनच आत आणले. सकाळी बांधावर ठसे दिसले. ते संध्याकाळचे की पहाटेचे, कोण सांगणार? मावशी मांजराच्या भरवशावर राहत नाही. गादीसारख्या पावलांचा तो प्राणी. कधी मनीलाही चकवील.

पण बिबट्यालाही कान आहेतच, आणि ते आपल्या उपयोगी पडतात. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाताना माझा मावसभाऊ काठीला घुंगरू बांधतो, मोबाइलवर मोठ्याने भजन लावतो. वनखात्याचेही सांगणे आहे की, अंधारात आवाज करीत जावे. माणूस येतो आहे हे आधी कळले, तर बिबट्या बहुधा स्वतःच वाट सोडतो. भजन सुरू झाले की मनी दोन्ही कान मागे वळविते आणि मुकाट्याने माजघरात निघून जाते.