चोवीस घंटे गरम

‘चोवीस घंटे गरम राहते जी, लिहून देतो!’ नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक दुकानात, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, हे वाक्य दुकानदाराने माझ्यासमोर चार गिऱ्हाइकांना ऐकवलं. चौघांनीही डझनाने माल उचलला. एकाला कारखान्यातल्या माणसांना वाटायला साठ बाटल्या हव्या होत्या, वर कंपनीचं नाव छापून. गांधीबाग तशी कापडाची. गाद्या, तागे, गठ्ठे वाहणारे हमाल ही तिची ओळख. पण दिवाळीत तिथून इतवारीपर्यंत काहीही डझनावर मिळतं, आणि गेली काही वर्षं मिठाईच्या डब्याची जागा स्टीलच्या बाटलीने घेतली आहे. मला एकच हवी होती, कॉफीसाठी. एक नग मागणाऱ्याकडे ठोकवाला ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने त्याने मला पाहिलं.

आमच्या पिढीला थर्मास म्हटला की दवाखाना आठवतो. रोग्याच्या उशाशी असलेला, टोपणाचाच कप होणारा, आत काचेचा आणि हातातून सुटला की ‘छन्न’ करून संपणारा. त्याची नवी काच बाजारात वेगळी विकत मिळायची. चहा-कॉफी असो की पेज, थर्मास घराबाहेर पडला म्हणजे कोणीतरी आजारी आहे किंवा कोणीतरी रेल्वेने निघालं आहे, एवढं शेजाऱ्यांना कळायचं.

ही वस्तू मुळात गरम ठेवायला झालेलीच नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्युअर हा शास्त्रज्ञ वायू थंड करून त्यांचा द्रव करत होता. तो द्रव टिकावा म्हणून 1892 मध्ये त्याने काचेचं दुपदरी भांडं केलं आणि दोन पदरांमधली हवा काढून घेतली. पेटंट मात्र घेतलं नाही. बर्लिनचा काचकारागीर राइनहोल्ड बुर्गर याने 1903 मध्ये त्याच भांड्याला धातूचं कवच घालून घरगुती रूप दिलं, पेटंट घेतलं, आणि पुढच्या वर्षी ‘थर्मॉस’ कंपनी उभी राहिली. ड्युअर कोर्टात गेला आणि हरला. पुढे 1963 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने थर्मॉस हा आता सर्वसामान्य शब्द झाला आहे, असा निकाल दिला. मराठी बायकांनी त्या निकालाची वाट पाहिली नव्हती. त्यांनी त्याचा ‘थर्मास’ करून कधीच घरात घेतला होता.

महाराष्ट्रात काच म्हटली की तळेगाव. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. याच तळेगावचं नाव पुढे ईगल फ्लास्कशी जोडलं गेलं. रुग्णाच्या उशाशी असलेला आपल्याकडचा थर्मास बहुधा ईगलचाच असायचा.

काच जाऊन स्टील आलं तरी युक्ती तीच राहिली. उष्णता तीन वाटांनी पळते: एकमेकांना चिकटलेल्या वस्तूंमधून, हवेच्या फिरण्यातून आणि प्रकाशासारखी किरणांनी. मधली हवा काढली की पहिल्या दोन वाटा भिंतीपुरत्या बंद होतात. तिसरीसाठी काचेवर चांदीचा मुलामा असे; स्टीलमध्ये आतल्या पदराच्या मागे काही जण तांब्याचा थर देतात. म्हणजे बाटलीच्या अंगातून फारसं काही जात नाही. जातं ते तोंडातून. तिथे दोन्ही पदर एकमेकांना जोडलेले असतात आणि वर असतं फक्त प्लास्टिकचं झाकण. गिऱ्हाईक बाटलीचा रंग पाहतं, वजन पाहतं, टिचकी मारून पाहतं. पाहायचं असतं झाकण. ते जाड, आतून पोकळ किंवा फोम भरलेलं आहे का, सिलिकॉनची रिंग काढून धुता येते का, आणि बाटलीचं तोंड किती रुंद आहे. रुंद तोंडात हात जातो, घासायला बरं पडतं. पण अरुंद तोंडाची बाटली जास्त वेळ गरम ठेवते. दोन्ही एकाच बाटलीत मिळत नाही.

घरात, टेबलावरच्या कॉफीचा हिशेब वेगळा आहे. साधारण साडेतीनशे ग्रॅमचा, पंचवीस अंशांवर असलेला चिनीमातीचा मग घ्या आणि त्यात नव्वद अंशांची दोनशे मिलिलिटर कॉफी ओता. मग स्वतःच तापण्यात कॉफीचे सोळा-सतरा अंश खातो. शिवाय दोनशे मिलिलिटरमधलं एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं की उरलेली कॉफी अडीच अंशांहून जास्त थंड होते. म्हणून मगवर बशी झाकण्याची आजीची सवय कोणत्याही महागड्या मगच्या तोडीची आहे. दुपदरी स्टीलचा मग घेऊन तो उघडा ठेवणारे लोक मी रोज पाहतो. त्यांनी बशी घ्यावी, पैसे वाचतील.

स्टीलच्या बाटलीचा आतला पदर हलका, त्यामुळे ती कमी खाते, पण खाते. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत कॉफीआधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवलं आणि ओतून टाकलं तर तीन-चार अंश वाचतात. नागपूरच्या डिसेंबरात त्याहून थोडे जास्त. 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर आला होता, आणि 23 मे 2013 ला तो 47.9 वर गेला होता. एकाच बाटलीला ही दोन शहरं सांभाळायची आहेत. थंड होण्याचा वेग आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो, त्यामुळे मे महिन्यात कॉफी आपोआपच जास्त वेळ गरम राहते. फक्त तेव्हा ती कोणाला नको असते. तेव्हा याच बाटलीत मठ्ठा जातो. मठ्ठा भरला तर तो दिवसभर बंद ठेवू नका. आंबतो, वायू धरतो आणि झाकण उघडताना अंगावर येतो.

आकाराचीही एक चूक सगळे करतात, मीही केली आहे. ‘पाहुणे आले तर’ म्हणून लिटरची बाटली घ्यायची आणि रोज अर्धीच भरायची. उरलेल्या अर्ध्या पोकळीत वाफ साठते आणि झाकणाशी जाऊन गार होते. जेवढी प्यायची तेवढीच मावेल अशी घ्यावी आणि गळ्यापर्यंत भरावी.

विदर्भातल्या माणसाला कॉफीचं काय, असं कोणी विचारलं तर त्याला चिखलदऱ्याला न्यावं. मेळघाटातल्या या थंड जागेवर कॉफी पिकते. पण ती पिण्याच्या बाबतीत आपण दुधाचे आहोत, आणि दूध हीच थर्मासची अडचण आहे. साठ अंशांच्या खाली उतरलेलं दूध जंतूंना मानवतं, आणि बंद बाटलीत ते त्या कोमट टप्प्यात तासन्‌तास राहतं. सकाळी भरलेली दुधाची कॉफी दुपारी प्यायची असेल तर डिकॉक्शन किंवा काळी कॉफी बाटलीत न्यावी आणि दूध तिथे गरम करून घालावं. काळी कॉफीही अमर नसते. गरम राहून राहून तिच्यातली आम्लं बदलतात आणि ती कडवट होते. तिसऱ्या-चौथ्या तासानंतर उरते ती फक्त उष्णता, चव नाही. उलट फार कढत पिणंही बरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांहून जास्त तापमानाची पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली आहेत. बाटलीतून थेट घोट घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं; टोपणात ओतून घेण्याची जुनी पद्धत त्यासाठीच चांगली.

स्टीलबद्दल दुकानदार सांगतील, ‘304 आहे, चुंबक लावून पाहा.’ 304 म्हणजे सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. पण स्वस्त 202 लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या खेळात काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा तळाशी आयएसआय चिन्ह पाहावं. घरगुती इन्सुलेटेड फ्लास्क-बाटल्यांना ते सक्तीचं करणारा आदेश केंद्राने 2023 मध्ये काढला. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव दिसतं. झाकणावर तापमान दाखवणारा दिवा मात्र सोडून द्या. त्याचा संवेदक बहुतेक वेळा झाकणाजवळचं तापमान सांगतो, तळातल्या कॉफीचं नाही.

एवढं सगळं दुकानात उभं राहून सांगणं शहाणपणाचं नव्हतं, म्हणून मी एकच विनंती केली. चहावाला किटली घेऊन आला होता. त्याच्याकडून उकळतं पाणी मागवलं आणि एकाच डझनातल्या तीन बाटल्यांत भरून झाकणं लावली. दहा मिनिटं दुकानदाराने आणि मी कटिंग घेतली. तो म्हणाला, ‘भाऊ, एक बाटली घ्यायले एवढं करून राहिले तुम्ही?’ मग दोघांनी तळवा लावून पाहिला. दोन बाटल्या बाहेरून हवेइतक्याच होत्या. तिसरीच्या अंगाला सरळ ऊब लागत होती, म्हणजे तिची पोकळी कधीच गेलेली. जुन्या थर्मासच्या काचेसारखा स्टीलच्या बाटलीचा आतला पदर बदलता येत नाही; गेली ती गेली. त्याने पुन्हा हात लावून पाहिला, गल्ल्याशेजारच्या मुलालाही लावायला लावला.

पहिल्या दोनांपैकी एक मी घेतली. तिसरी त्याने परत खोक्यात टाकली नाही. गादीखाली सरकवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, साठ नगांवाल्याला, म्हणाला, ‘थांबा जी, आधी पाणी मागवतो.’