शरीरातलंच औषध!

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक रक्तात मिसळतं. ते फार वाढलं की लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मरू लागतात. शास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरलं! कारण लहान मुलांच्या एका रक्ताच्या कर्करोगात याच जातीच्या कच्च्या पेशी बेसुमार वाढतात. कॉर्टिसॉलच्या रेणूत किंचित बदल करून १९५५ साली प्रेडनिसोलोन आलं, सुमारे चौपट प्रभावी! इतर औषधांच्या जोडीनं ते दिलं की पुष्कळ मुलं बरी होतात. मात्र काही दिवस चेहरा सुजल्यासारखा, गोल दिसतो. असा मित्र वर्गात परतला तर हसायचं नाही हं! सरकून त्याला बाकावर जागा द्यायची.