दिवसा मेलेला राजपुत्र

‘आलम आरा’ या आपल्याकडच्या पहिल्या बोलपटाचं चित्रीकरण चालू असतानाचा कुठलाही दिवस घ्या. दुपारचे दोन वाजलेत आणि हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणून गाजलेल्या मास्टर विठ्ठल या नटाला काहीच काम नाही.

वर्षभरापूर्वी हीच वेळ त्यांची ऐन कामाची असती. मूकपट उन्हाच्या जिवावर चाले. चकचकीत रिफ्लेक्टर नटाच्या तोंडावर ऊन फेकत, ऊन कललं की कॅमेरा बंद. मास्टर विठ्ठल या उन्हातच मोठे झाले. जन्म १९०६ चा. लहानपण नाटक मंडळीत गेलं, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत फिल्म जोडण्याचं काम केलं, आणि ‘कल्याण खजिना’मध्ये पडद्यावर आले ते नाचणारी मुलगी होऊन. तलवार हातात आली मुंबईत, शारदा फिल्म कंपनीत. १९२६ च्या ‘रतन मंजरी’पासून ते नायक झाले आणि पुढची काही वर्षं मारधाडीच्या मूकपटांत त्यांच्याइतकं चालणारं नाव क्वचितच होतं.

त्या मारधाडीला एक छुपा मदतनीस होता. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. कॅमेरामनने हँडल जरा सावकाश फिरवलं की पडद्यावरची तलवार विजेसारखी चाले. शिवाय दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ‘उडी घे, मागे बघ, मार!’ असं खुशाल ओरडू शकत होता. कोण ऐकणार होतं?

संध्याकाळी सात. शहर घरी निघालेलं असताना केनेडी ब्रिजजवळच्या इम्पीरियल स्टुडिओत हालचाल सुरू होते. मालक अर्देशीर इराणी. त्यांनी एक्सेल्सियर थिएटरात ‘शो बोट’ हा अमेरिकन चित्रपट पाहिला आणि आपणही बोलपट काढायचा असं ठरवलं. काम शक्यतो गुपचूप चाललेलं, कारण कलकत्त्याचे मादन थिएटर्सवालेही त्याच खटपटीत होते. नायकाच्या भूमिकेसाठी आधी मेहबूब खान यांचं नाव होतं. पण एवढा पैसा गुंतवल्यावर तिकीटबारीवर खात्रीचं नाव हवं, म्हणून विठ्ठल. त्यांनी शारदा सोडल्यावर त्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला आणि विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहून जिंकले, हा किस्सा सिनेमाच्या इतिहासात कायम सांगितला जातो. एका मारधाडीच्या नटासाठी एवढा मोठा वकील, यावरूनच त्याच्या नावाची किंमत कळावी.

रात्री दहा. मेकअप होतो, भरजरी कपडे चढतात, आणि मग नुसतं बसून राहणं. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून आहे. आवाज अडवणाऱ्या भिंती नाहीत. लोकल चालू असेपर्यंत एक शब्दही घेता येत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगाव इथे रुळालगत राहणाऱ्या कुणालाही विचारा, मालगाडी जाताना बोलणं अर्ध्यावर सोडून ती जाईपर्यंत कसं थांबावं लागतं ते तो सांगेल. इराणींनी बुलढाणा शहरात स्टुडिओ काढला असता तर हा त्रास झाला नसता. आमच्या जिल्ह्याच्या गावी रेल्वे अजूनही आलेली नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या, पण आवाज घ्यायला जागा अगदी नामी!

रात्री एक. गाड्या थांबल्या. आता खरं काम, आणि त्यासाठी तीन तास हातात. इराणींनी पुढे सांगितलेल्या आठवणींवरून हे तास बऱ्यापैकी जुळवता येतात. टॅनार नावाच्या यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उतरतो. हे यंत्र बसवायला डेमिंग नावाचा अमेरिकन आला होता. त्याचे दिवसाला शंभर रुपये इराणींना जड वाटले, म्हणून त्यांनी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचांनी त्याच्याकडून जेवढं शिकता आलं तेवढं शिकून ध्वनिमुद्रण स्वतःच हाती घेतलं. माइक डोक्यावर टांगायची सोय नाही, तेव्हा तो कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी कुठेतरी दडवायचा.

उडी मारण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं इथे काय होत असेल ते बघा. माइकपासून लांब गेलं की आवाज जातो, म्हणजे नटाने जागा सोडायची नाही. कॅमेरा मोटरवर, सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे हँडलची ती मदत संपली. दिग्दर्शकाने तोंड मिटून बसायचं. एखादा शब्द चुकला तर तेवढाच कापून काढता येत नाही, कारण चित्र कापलं की आवाजही कापला जातो. सबंध प्रसंग पुन्हा. आणि बोलायचं हिंदुस्थानीत, जी या मराठी नटाच्या जिभेवर नीट बसलेली नव्हती.

म्हणून त्यांची भूमिका बहुतेक वेळ गुंगीत किंवा मेल्यासारखी ठेवली, असं पुष्कळांनी लिहिलंय. मला ते फारसं पटत नाही. कथा मुळात जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकाची. तीत राजपुत्र कमरचा जीव एका हारात अडकलेला. त्याच्या आईची सवत राणी दिलबहार तो हार दिवसा गळ्यात घालते तेव्हा राजपुत्र मेलेला, रात्री काढून ठेवते तेव्हा जिवंत. जीभ अडखळते म्हणून हे रचलं नसणार. फार तर ते आयतं सोयीचं पडलं असेल. गंमत अशी की नटाची रात्रपाळीही अगदी राजपुत्राच्या वेळापत्रकावरच चालली होती.

सेनापती आदिलचं काम करणाऱ्या तरुण पृथ्वीराज कपूरला मात्र या यंत्राची धास्ती वाटायचं कारण नव्हतं. त्याच्याकडे आवाज होता. त्या मंचावर दोन पिढ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्यात वयाचं अंतर जवळपास शून्य! विठ्ठल पंचविशीतच जुने झाले. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं, आणि तरीही हिंदी बोलपटांचा मोठा नायक म्हणून त्यांचं नाव पुढे टिकलं नाही. १९३३ मध्ये त्यांनी ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला. शाहू मोडक त्यात दुहेरी भूमिकेत होते. नंतर मराठी चित्रपटांत लहानमोठी कामं करत राहिले आणि १९६९ साली गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे त्यांचे उच्चार खरंच किती वाईट होते हे तपासायची सोयही नाही. उरली ती बोलवा.

पहाटे चार. पहिल्या गाडीची वेळ होते, पॅकअप. कपडे उतरतात, रंग पुसला जातो. रात्रभर बोललेलं माइकने पकडलं की नाही, हे फिल्म धुऊन झाल्यावरच कळायचं. नसेल पकडलं, तर पुन्हा रात्री एक वाजता तेच वाक्य.