शेतातील बिनतारी उपकरणे व प्रक्षेपणशक्तीची मर्यादा

जमिनीतील ओलावा मोजून त्याची वार्ता घरापर्यंत पोहोचविणारी बिनतारी उपकरणे आता शेतांत व बागांत दिसू लागली आहेत. ही उपकरणे अनेक देशांसाठी तयार होतात. लहरींविषयीचे नियम मात्र देशोदेशी वेगळे असतात. म्हणून उपकरण चालू करण्यापूर्वी ते भारताच्या नियमांप्रमाणे लावून घेणे अगत्याचे आहे.

भारत सरकारने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला केला व २०२१ साली त्याची वरची सीमा ८६८ पर्यंत नेली. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत, व एरियलमधून बाहेर पडणारी परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंत, अशी मर्यादा ठरविण्यात आली. अमेरिकेत अशा उपकरणांचा पट्टा ९०२ ते ९२८ आहे. भारतात ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइलकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींचा होय. तेव्हा अमेरिकेसाठी लावलेले उपकरण मनोऱ्याजवळ चालविल्यास गावाच्या दूरध्वनीतच व्यत्यय येण्याचा संभव असतो.

एरियल नवी शक्ती निर्माण करीत नाही. पाटाचे पाणी चार सऱ्यांत न सोडता एकाच सरीत वळवावे, त्याप्रमाणे ते आहे ती शक्ती एका दिशेस एकवटते. ३ डेसिबलच्या एरियलने त्या दिशेची शक्ती दुप्पट, ६ डेसिबलच्या चौपट व ९ डेसिबलच्या आठपट होते. म्हणजे १ वॅटच्या प्रक्षेपकास ६ डेसिबलचे एरियल लावताच ४ वॅटची सीमा गाठली जाते. ९ डेसिबलचे लावावयाचे असल्यास प्रक्षेपकाची शक्ती अर्ध्या वॅटवर आणली पाहिजे.

वार्ता पोहोचत नाही, म्हणून शक्ती वाढविण्याकडे सहज कल होतो. परंतु मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करण्यास शक्ती चौपट लागते, आणि बॅटरीही लवकर उतरते. उंच वाढलेल्या उसाची ओली पाने लहरी शोषून घेतात. यासाठी एरियल पिकाच्या वर उंच खांबावर बसविणे अधिक हितावह ठरते.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस पुढील गोष्टी तपासून घेण्यास सांगावे :

(१) उपकरणास भारतातील वापरासाठी शासनाची मान्यता आहे काय ?

(२) देशाच्या निवडीत ‘भारत’ आहे काय ?

(३) एरियलचे डेसिबल हिशेबात धरून शक्ती ठरविली आहे काय ?

लहरी या पाटाच्या पाण्याप्रमाणे सर्वांच्या सामाईक मालकीच्या आहेत. आपल्या पाळीपुरतेच पाणी घेणारा शेतकरी शेजाऱ्याचे व पर्यायाने स्वतःचेही पीक राखतो. येथेही तोच न्याय लागू आहे.