सायनाला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी

घोडपदेवला आमच्या चाळीत तळमजल्यावर माझं गटिंगचं मशीन आहे. रॅकेटला तार भरायच्या कामाला खेळाडू गटिंगच म्हणतात. पूर्वी ही तार जनावराच्या आतड्यापासून करत, म्हणून गट. आता ती नायलॉनची असते, नाव तेवढं राहिलं. मी हे काम धोबीतलावच्या एका दुकानात शिकलो, त्याला तीस वर्षं झाली. एका रॅकेटला साधारण दहा मीटर तार लागते. आधी उभ्या बावीस ओढायच्या, मग आडवी तार एकीच्या वरून, एकीच्या खालून. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. माझं काम बघून ते म्हणायचे, हा तर ताणाबाणाच आहे.

वरच्या मजल्यावरच्या एका मुलीची रॅकेट माझ्याकडे असते. अकरा वर्षांची आहे, डावखुरी. तिची आई भायखळ्याच्या बाजारात एका दुकानात हिशेब लिहिते. मागच्या महिन्यात आई माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘‘दादा, ती नागपूरची मालविका बनसोड, सायनाला हरवलेली. तीही डावखुरीच ना? ती एवढी वर कशी गेली? मला नीट सांगा. मला ठरवायचंय.’’

मी तिला जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न बऱ्याच आयांचा असणार.

13 जानेवारी 2022 हा दिवस सगळ्यांना आठवतो. दिल्लीत इंडिया ओपन सुरू होती. करोनामुळे स्टेडियम रिकामं होतं. वीस वर्षांच्या मालविकाने ऑलिंपिक पदक मिळवलेल्या सायना नेहवालला 21-17, 21-9 असं हरवलं. सामना 34 मिनिटांत संपला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो होता. मी तो कापून मशीनच्या वर चिकटवला.

पण पेपर वाचला जात होता त्याच दिवशी ती उपांत्यपूर्व फेरीत आकर्षी कश्यपकडून सरळ दोन गेममध्ये हरली. त्याचा फोटो कुणी चिकटवला नाही. मीही नाही. पुढच्याच आठवड्यात लखनौला सय्यद मोदी स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत गेली आणि तिथे पी. व्ही. सिंधूने तिला 21-13, 21-16 असं हरवलं. दहा-बारा दिवसांत एवढं सगळं झालं: देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या खेळाडूंशी गाठ, एक विजय, एक पराभव आणि मधे एक हार, जिची आठवण कुणाला नाही. मला तिच्या प्रवासात त्या मधल्या हारेपासून पुढे काय झालं ते महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात अर्थातच त्याच्याही आधीची. मालविकाचा जन्म 2001 चा, नागपूरचा. आई-वडील दोघंही दंतवैद्य. आईने, डॉ. तृप्ती बनसोड यांनी, मुलीच्या खेळासाठी क्रीडाविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. स्वतःचा दवाखाना सांभाळणाऱ्या बाईने पुन्हा पुस्तकं उघडली, याचं मला फार अप्रूप आहे. पुढे मालविका रायपूरला संजय मिश्रा यांच्याकडे शिकली. 2019 मध्ये मालदीवची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिने जिंकली.

‘‘मालदीव जिंकलं म्हणजे केवढं?’’ मुलीच्या आईने विचारलं. इथे मी वहीच काढली, कारण हे समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

जागतिक बॅडमिंटन चाळीसारखं मजल्यांचं आहे. तळाला फ्यूचर सिरीज, त्यावर इंटरनॅशनल सिरीज, मग इंटरनॅशनल चॅलेंज. त्याच्या वर वर्ल्ड टूर: सुपर 100, 300, 500, 750 आणि सगळ्यात वर 1000. मालदीवची स्पर्धा तळमजल्याची होती. फ्यूचर सिरीज जिंकली की 1,700 गुण मिळतात. सुपर 300 जिंकली की 7,000, सुपर 1000 जिंकली की 12,000. मागच्या 52 आठवड्यांतल्या तुमच्या सगळ्यात चांगल्या दहा स्पर्धांचे गुण धरायचे, बेरीज करायची आणि त्यावर जगातला क्रमांक. मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत फक्त 32 जण. क्रमांक खाली असेल तर आधी पात्रता फेरी खेळा, किंवा स्पर्धेत जागाच नाही.

म्हणजे वर जायला गुण लागतात, आणि जास्त गुण वरच्याच मजल्यावर ठेवलेले. मधला जिना लहान लहान देशांतून जातो. विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा, हे सगळं पहिल्या फेरीत हरलात तरी तेवढंच लागतं. सायनाला हरवल्याने मालविकाचं नाव झालं. पण कुणाला हरवलं याचे वेगळे गुण नसतात, कुठल्या फेरीपर्यंत पोचलात याचे असतात. आणि ते 52 आठवड्यांनी गळून पडतात. जानेवारी 2022 चं सगळं जानेवारी 2023 मध्ये पुसलं गेलं. पुन्हा कमवायचं होतं.

पुढचा मोठा फोटो यायला सप्टेंबर 2024 उजाडला. चीनमध्ये चांगझोऊला, सुपर 1000 स्पर्धेत, पहिल्याच फेरीत तिच्यासमोर इंडोनेशियाची ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंग होती. पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन दीड महिनाही झाला नव्हता तिला. मालविका 26-24, 21-19 अशी जिंकली. गेम 21 ला संपतो. 20-20 झाले की दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत चालतो, फार तर तीसपर्यंत. 26-24 म्हणजे तिथे दोघी किती वेळा सुळावर चढून उतरल्या असतील! नंतर तिने स्कॉटलंडच्या कर्स्टी गिलमोरला तीन गेममध्ये हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या अकाने यामागुचीकडून हरली. नोव्हेंबरात जर्मनीत हायलो ओपनची अंतिम फेरी, तिथे डेन्मार्कच्या मिया ब्लिचफेल्टकडून पराभव. मार्च 2025 मध्ये बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंडच्या पहिल्या फेरीत सिंगापूरच्या येओ जिया मिनला हरवलं, दुसरीत पुन्हा यामागुची. तोवर ती जगातल्या पहिल्या तिसात होती.

पहिला फोटो आणि दुसरा फोटो यांच्यामध्ये अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. गटिंगवाल्याला त्या वर्षांचा अंदाज तारेवरून येतो. नवशिक्या मुलांची रॅकेट मी वीस-बावीस पाउंडांवर ओढतो. ताण कमी असला की जाळी शटलला स्वतः थोडं ढकलते, हाताचं काम कमी होतं. अठ्ठावीस-तीस पाउंड ओढणाऱ्याला जाळीकडून काहीच मदत नसते, सगळी ताकद मनगटाची, पण शटल हवं तिथेच पडतं. हा फरक वर्षावर्षाला एक-दीड पाउंडाने भरून काढावा लागतो. घाई केली की खांदा जातो. आणि तारा सामन्यात फारशा तुटत नाहीत, सरावात तुटतात. कुणीही बघत नसताना.

डावखुरेपणाचंही मी मुलीच्या आईला सांगितलं. शटलला सोळा पिसं असतात आणि ती सगळी पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची, एकाच दिशेला एकमेकांवर बसवलेली. म्हणून शटल नेहमी एकाच दिशेला फिरतं. त्यामुळे उजव्याने कापून मारलेला ड्रॉप आणि डाव्याने कापून मारलेला तोच ड्रॉप सारखे पडत नाहीत. समोरच्याला सवय उजव्यांची. हा फायदा खरा आहे, पण पिसांच्या शटलवर सराव केला तरच. प्लास्टिकच्या शटलवर तो कळतही नाही, आणि पिसांच्या नळीचे भाव आता कुठे गेलेत ते तिच्या हिशेबाच्या वहीत मला लिहून द्यावे लागले नाहीत.

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होतो. ‘‘आणि गुडघा?’’

जून 2025, जकार्ता, इंडोनेशिया ओपन. समोर जगज्जेती राहिलेली थायलंडची रत्चानोक इंतानोन. मालविकाने पहिला गेम 21-16 घेतला होता. दुसऱ्यात 16-15 अशी पुढे. पाच गुण हवे होते. गुडघ्याने दगा दिला आणि सामना सोडावा लागला. मी मोबाइलवर बघत होतो, मशीनवर अर्धी ओढलेली रॅकेट तशीच होती. त्या वर्षी ती पुन्हा कोर्टवर दिसली नाही, आणि 52 आठवड्यांचा काटा जखमी खेळाडूसाठीही फिरत राहतो.

हे मी लपवलं नाही. तिनेही मान फिरवली नाही. थोडा वेळ ती मशीनवरच्या फोटोकडे बघत बसली. मग ठाण्याला महापालिकेची सय्यद मोदींच्या नावाची बॅडमिंटन योजना आहे, तिथे कसं जायचं ते विचारलं. भायखळ्याला जलद गाडी थांबते, मी म्हटलं, सकाळची पकडली तर शाळा गाठता येईल.

गेल्या रविवारी मुलगी एका स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरली. सोमवारी सकाळी सहाला माझं दार वाजलं. रॅकेटची तार तुटली होती, आणि तिने बाकीच्या तारा कात्रीने कापून आणल्या होत्या. एक तुटली की उरलेल्या तशाच ठेवायच्या नाहीत, एका बाजूच्या ताणाने फ्रेम वाकडी होते, हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.

‘‘काका, या वेळी चोवीस करा.’’

मी तेवीस केलं. काट्यावरचा आकडा तिने स्वतः वाकून वाचला, काही बोलली नाही, आणि रॅकेट खांद्याला लावून स्टेशनच्या दिशेने निघाली.