भिंतीतला आवाज कोठून येतो?

रात्री सामसूम झाली म्हणजे पुष्कळ इमारतींत वरच्या एखाद्या खोलीत घूंऽऽ असा आवाज ऐकू येऊ लागतो. खिडकी लावली, जाड पडदा सोडला, तरी तो हटत नाही. आजाऱ्याची झोप जाते, परीक्षेला बसलेल्या मुलाचे चित्त लागत नाही, आणि दोष बहुधा वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडावर येतो. त्या बिचाऱ्यांकडे शिवणयंत्रही नसते! आवाजाचे मूळ चार मजले खाली, पाण्याच्या पंपापाशी असू शकते.

हे कसे घडते ते आम्ही वर्गात नादकाट्याने दाखवितो. वाजविलेला नादकाटा हातात धरला तर मागच्या बाकावर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्याचा दांडा टेबलावर टेकविला की सारा वर्ग ऐकतो. काट्याची कंपने टेबलात शिरतात आणि टेबलाची रुंद फळी भोवतालची हवा हलविते. इमारतीत पंप हा नादकाटा, नळ व खांब हा दांडा, आणि खोलीची भिंत हे टेबल. विजापूरच्या गोल घुमटातली कुजबुज पलीकडे पोचते ती हवेतून. हा आवाज विटा-लोखंडातून येतो, म्हणून पडद्याला दाद देत नाही.

शोधासाठी पंपाच्या बैठकीवर, नळावर व खोलीच्या भिंतीवर कंपने टिपणारे लहानसे यंत्र बसवितात. त्याने काढलेली रेघ म्हणजे नुसती गिचमिड. परंतु फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने 1822 साली उष्णतेवरील ग्रंथात गुंतागुंतीची रेघ साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडण्याची रीत दिली, ती येथे कामी येते. संगणक लाटा सुट्या करतो आणि सेकंदाला किती कंपनांना किती जोर आहे, ते शिखरांच्या आलेखात दाखवितो.

ही शिखरे वाचण्यातच खरी गंमत आहे. समजा, मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 24. खोलीतल्या आलेखात 24 वर उंच शिखर असेल तर फिरत्या भागाचा तोल बिघडला असावा. 48 वरही मोठे असेल तर मोटरीचा व पंपाचा दांडा एका रेषेत नसल्याचा संशय घ्यावा. पंपाच्या चक्राला 5 पाती असतील तर त्यांचे शिखर 120 वर येते. मात्र 100 वर शिखर दिसले तर विजेकडे पाहावे. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि तिच्या चुंबकीय ओढीची कंपने त्याच्या दुप्पट. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ती हीच.

खात्रीसाठी मोटर बंद करावी. विजेचे शिखर तत्क्षणी नाहीसे होते. फेऱ्यांचे शिखर मोटर मंदावेल तसे खाली घसरत जाते. घसरताना मध्येच भिंत जोराने घुमली तर ती तिची स्वाभाविक कंपनसंख्या समजावी. सर्व यंत्रे बंद ठेवून भिंतीवर रबरी हातोडीने ठोकले तरी तीच संख्या मिळते.

उपाय करतानाही आकडा विसरून चालत नाही. पंपाखाली जुन्या टायरचा टणक तुकडा सारला म्हणजे काम झाले, असा पुष्कळांचा समज आहे. तो तुकडा वजनाने दबलाच नाही तर उपयोग शून्य. रबरावर बसविलेल्या पंपाची स्वाभाविक कंपनसंख्या 24 च्या बरीच खाली, सुमारे 8 पर्यंत, यावी लागते. ती 24 च्या जवळ आली तर आवाज उलट वाढेल. आणि पंप रबरावर, पण नळ मात्र भिंतीला लोखंडी पट्टीने आवळलेला, असे असेल तर कंपनांना दुसरी वाट मोकळीच राहते. नळालाही लवचीक जोड हवा.

अलीकडे मोबाइल फोनमध्येही कंपने टिपणारा भाग असतो. पहिल्या तपासणीस तो पुरे. मात्र तो सेकंदाला 100 नोंदी घेत असेल तर 50 च्या वरचे काही विश्वसनीयपणे दाखवू शकत नाही. 24 चे शिखर दिसेल, 120 चे नाही. त्याकरिता कारागिराकडील यंत्रच आणावे, आणि दुरुस्तीनंतरची मोजणी भिंतीच्या त्याच जागी, तोच पंप चालू ठेवून घ्यावी.